गार हवेची नळी

आमच्याकडच्या लहान मालेगावहून शिरपूरला जाताना आमच्या गावाशी एक चढ लागतो. त्याला सगळे पाटलाचा चढ म्हणतात. चढ काही पाटलानं घडवला नाही. टेकडी त्याच्या बापाच्या आधीपासून तिथंच आहे आणि रस्ता सरकारनं केला. पण चढाच्या पायथ्याशी पाटलाचं घर, घरासमोर पिंपळाचा पार आणि पारावर सकाळपासून पंजाबराव पाटील बसलेले. मग चढही त्यांचाच झाला. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, बेबीनं गावाची अब्रू काढली. गावाची मला काढायची नव्हती. एका माणसाची काढायची होती, ती काढली.

माझा नवरा भिवाजी फौजेत ड्रायव्हर होता. मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली तो सुटून आला आणि फौजेनं मोडीत काढलेली एक जीप लिलावात घेऊन आला. वस्तीतल्या बाया ओवाळायला ताट घेऊन धावल्या. मी म्हटलं, बायांनो, ताट ठेवा आणि पाणी आणा, हिला ओवाळण्यापेक्षा धुण्याची गरज आहे. धुतल्यावर खालून हिरवा रंग निघाला तेव्हा भिवाजी असा हसला की लग्नातही तसा हसला नसेल.

मालेगावच्या स्टँडवरून शिरपूरच्या मंदिराचे यात्रेकरू आणायचे, केनवडच्या बाजाराला बाया आणि कोंबड्या न्यायच्या, तांड्यावरच्या माणसांना दवाखान्यात पोचवायचं, असा आमचा धंदा सुरू झाला. एस.टी. यायची तेव्हा यायची. आमची जीप हाक मारली की यायची. भिवाजी गाडी चालवायचा आणि मी मागं उभी राहून माणसं बोलवायची. बाईमाणूस गाडीच्या मागं लटकते म्हणून गावात कुजबुज झाली. कुजबुजीनं टायरची हवा जात नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

जीप सपाटीवर हरणासारखी पळायची. पण दुपारच्या उन्हात, माणसं भरलेली असताना पाटलाचा चढ आला की तिचा जीव जायचा. अर्ध्यात खोकायची, थरथरायची आणि बंद पडायची. माणसं उतरून ढकलायची, तरी हलायची नाही. मग पारावरून पंजाबरावांची हाक यायची, "अरे भिवा, थांब, टॅक्टर पाठवतो!" त्यांचा लाल ट्रॅक्टर यायचा, दोर बांधला जायचा आणि आमची जीप त्याच्यामागं फरफटत चढ चढायची.

पहिल्या वेळी मी त्यांना दुवा दिला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "भिवा, आता एवढं केलं त जरा माह्या तुरीवर दोन-चार चकरा मारून दे."

आमच्याकडे तुरीच्या हंगामात लोक तुरीच्या पेंढ्या सडकेवर पसरतात. एस.टी. जाते, ट्रक जातो, चाकाखाली शेंगा फुटतात आणि संध्याकाळी बाया दाणे झाडून घेतात. बैलांची मेहनत वाचते. त्यात वाईट काही नाही, सगळेच करतात. पण बाकीचे अर्ध्या सडकेवर पसरायचे आणि गाडीनं जाता जाता चिरडलं तेवढं आपलं मानायचे. पंजाबराव या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरायचे आणि आमच्या जीपनं पुढं-मागं, पुढं-मागं करत राहायचं, ते पारावरून हात वर करेपर्यंत. आमची माणसं तोवर पिंपळाखाली ताटकळत बसायची. हंगाम सरला तसं दुसरं निघालं. पाटलाच्या व्याह्यांना मालेगावहून आणा. पाटलाच्या सरकीची पोती उतरवा. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण चढ तिथंच होता आणि दोर त्यांच्याकडे होता.

मला राग कामाचा नव्हता. राग त्या दोराचा होता. भिवाजीच्या बापानं उभा जन्म गावची मेलेली ढोरं ओढली. खांद्यावर दोर घ्यायचा, ढोर गावाबाहेर न्यायचं आणि खळ्यावर जाऊन पाटलाच्या हातून ओंजळभर बलुतं झेलायचं, पदर नाहीतर धोतराचा सोगा पसरून. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. त्या दिवशी ते काम सोडलं आणि ते बलुतंही सोडलं. उपाशी राहिलो, पण सोडलं ते सोडलं. आणि आता बघा, गावादेखत आमची जिवंत गाडी मेल्या ढोरासारखी दोरानं ओढली जायची, आणि बंपरला त्या दोराची गाठ भिवाजी आपल्या हातानं मारायचा. गाठ मारताना तो कोणाकडे बघायचा नाही. 

चैत्रात एका दुपारी पाटलाच्या जावयाचं सामान उतरवून आम्ही घरी आलो आणि माझा तोल गेला.

"तुमी फौजेतून आले की पाटलाच्या गोठ्यातून?" मी म्हटलं.

"बेबी, तो मदत करते म्हणून गाडी चालते," भिवाजी म्हणाला. "नाई त आपली जीप चढत नाई, त्याले मी काय करू?"

"काहून चढत नाई ते पाहा मंग. पाटलाच्या तोंडाकडं काय पाहता?"

त्यानं बोनेट उघडलं. आतून अशी झळ आली की मी दोन पावलं मागं सरले.

"आवो, हे इंजिन हवा कुठून घेते?"

"इथूनच. बोनेटच्या आतली." त्यानं एक काळा डबा दाखवला. "या डब्यात खाली तेलाची वाटी हाय. हवा आत येते, धूळ तेलात बसते, साफ हवा पुढं कार्बोरेटरमंधी जाते."

"म्हंजे या झळीतलीच हवा?"

"मंग कोणती?"

"भाकरी थापताना मलेबी असाच दम लागते. तव्हा तुमीच म्हणता, बाहेर ये, जरा हवा घे. हे बिचारं चुलीतच बसून राह्यलं, अन् वरून तुमी त्याले म्हणता चढ."

भिवाजीनं डब्याच्या तोंडाशी हात धरून झळ पाहिली. मग हळूच म्हणाला, "फौजेत नदीतून काढाच्या जीपले नळी लावत होते. हवा बाहेरून, वरून घ्याची. पण ते पाण्यासाठी."

"पाण्यासाठी असो का उन्हासाठी. गार हवा भेटल्याशी मतलब."

मग तो माणूस कामाला लागला. फौजेतला भिवाजी मला त्या आठवड्यात पहिल्यांदा दिसला. मोटरपंपाची जुनी रबरी नळी त्यानं कुठून तरी पैदा केली. मालेगावच्या कल्हईवाल्याकडून टिनाचं एक वाकडं कोपर करून आणलं. डब्याचं तोंड नळीला जोडलं आणि नळी रेडिएटरच्या बाजूनं पुढं नेऊन, जाळीला छिन्नीनं भोक पाडून, दिव्याच्या शेजारी बाहेर काढली. पहिल्यांदा नळी सायलेन्सरच्या पाइपाला टेकली आणि मऊ पडून वास सुटला. मग ती दूर ओढून तारेनं बांधली, पंख्यापासूनही राखली. जोडांवर मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट आवळून गुंडाळल्या, कारण भिवाजी म्हणाला, जराशी फट राहिली की गरम हवा चोरासारखी आत शिरते. नळीनंच सगळं केलं असं मी म्हणणार नाही. त्यानं कार्बोरेटर खोलला, प्लग घासले आणि डब्यातलं तेल बदललं. त्या तेलाच्या वाटीत खाली काळ्या मातीचा गाळ बसला होता, शेतातल्यासारखा. त्यात हरभराही उगवला असता.

ती वाटी त्या दिवसापासून माझ्याकडे आली. दर बाजारानंतर ती काढायची, गाळ खरवडायचा, रॉकेलनं धुवायची आणि खुणेपर्यंत नवं तेल घालायचं. जास्त घातलं तर इंजिन तेल ओढतं आणि धूर सोडतं, कमी घातलं तर धूळ आत जाते. भाजीच्या मिठासारखं ते हाताला बसलं.

बुद्धजयंतीच्या दिवशी भर दुपारी, भरल्या गाडीनं आम्ही पाटलाच्या चढाशी आलो. पंजाबराव पारावरून उठून उभे राहिले. दोर त्यांच्या माणसाच्या हातात तयारच होता. भिवाजीनं गिअर टाकला. नळीतून असा आवाज आला की जणू कोणीतरी छाती भरून श्वास घेतंय. जीप खोकली नाही. थरथरली, पण थांबली नाही. पारासमोरून गेलो तेव्हा मी पंजाबरावांना मोठ्यानं म्हटलं, "जयभीम, पाटील!" मागं बसलेली तांड्यावरची गोमतीबाई खो खो हसत सुटली. आम्ही वर पोचलो. भिवाजीनं गाडी थांबवली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडला. मीही रडले. गोमतीबाई म्हणाली, "आता रडाचं असन त रडा, पण शिरपूरले त नेऊन सोडा."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी आली. जीप एकदाही अडली नाही. गावात तिला सोंडेची जीप म्हणू लागले. पंजाबराव येता-जाता टोमणा मारायचे, "भिवा, नाक भोकातून बाहेर काढलं, पाह्य बरं, कोणी कापलं त!" भिवाजी ऐकून घ्यायचा. चकरा मागायला त्यांना तोंड उरलं नव्हतं. पण पाटील विसरणाऱ्यातला नव्हता. तो तुरीची वाट पाहत होता.

माघात तूर निघाली. एका बाजारच्या दिवशी आम्ही शिरपूरला जाणारी माणसं भरून आलो तर पाटलाच्या चढावर तूर पसरलेली. दरवर्षी पसरायचे तशी नव्हे. पायथ्यापासून चढाच्या मध्यापर्यंत, गुडघाभर, सडकेकडेच्या या चारीपासून त्या चारीपर्यंत. बाजूनं जायला मांजराएवढीही वाट नव्हती. भिवाजी थांबला नाही, कारण चढावर थांबलं की संपलं. चाकाखाली शेंगा तडतडल्या, टरफलांचा भुसा, आम्ही त्याला कुटार म्हणतो, तो उडाला, आणि आमची नळी नेमकी बंपरच्या वर, तोंड पुढं करून, ते सगळं गिळत गेली. वारा समोरून भरेल म्हणून आम्ही तिचं तोंड तिथं ठेवलं होतं. सडकेवर तूर असते हे जन्मापासून ठाऊक असलेली आम्ही माणसं, आणि हे आम्हाला सुचलं नव्हतं! तुरीच्या मधोमध जीपचा श्वास कोंडला. दोन आचके दिले आणि बंद पडली.

पार हसला. पंजाबराव सावकाश चालत आले. ट्रॅक्टर त्यांच्यामागं होताच, मागं ट्रॉली जोडून. त्यांनी दोर आमच्या बोनेटवर टाकला.

"बांध भिवा," ते म्हणाले. "तुले गाठ येते. वर गेल्यावर खाली ये अन् तुरीवर चकरा मार. मांगच्या सालच्याबी बाकी हायेत." मग मागं बसलेल्या माणसांकडे वळून ते हसले. "तुमी कायले उन्हात बसून राह्यले? या ट्रॉलीत. शिरपुरात फुकट सोडतो. उद्याबी सोडतो, परवाबी सोडतो."

मला कळलं की हा आजचा खेळ नाही. आज माणसं त्या ट्रॉलीत बसली की उद्या आमच्या जीपमध्ये कोणी बसणार नाही. आणि भिवाजीनं आज गाठ मारली की मरेपर्यंत मारत राहील. एक म्हातारा यात्रेकरू उतरलाही. मागोमाग दुसऱ्यानं पिशवी उचलली.

भिवाजीनं दोर हातात घेतला. घेतला आणि तसाच उभा राहिला.  मी बोनेट उघडलं.

"बेबे, तुह्यानं काय होते?" पंजाबराव म्हणाले. "बाईचं काम नाई ते."

"वाटी धुणं बाईचंच काम हाय, पाटील," मी म्हटलं. "तुमच्या घरी कोण धुते?"

गोमतीबाई गाडीतून म्हणाली, "मी नाई उतरत. मी याच जीपनं जाईन. उतराचं त्यानं उतरा." आणि तिनं आपलं गाठोडं मांडीवर घट्ट धरलं. पिशवीवाला पुन्हा आपल्या जागेवर बसला.

डबा उघडला तर आत तुरीचं खळंच होतं. पानं, टरफलं, काड्या, आणि तेलात बुडालेले दाणेही. चाकाखालून उडून आत शिरलेले, ओंजळीत मावतील इतके. मी वाटी सडकेच्या कडेला नेली, रॉकेलची बाटली सीटखाली असायचीच. सगळे पाहत होते. पारावरचे, चारीतले, तुरीच्या कामावरच्या आमच्याच वस्तीतल्या बायाही.  कुटार फेकलं. दाणे मात्र वेचून पदराच्या टोकाला बांधले. काहून बांधून राह्यली, असं गोमतीबाईनं विचारलं. मी ती गाठ कमरेला खोचली. वाटी धुतली, पुसली, तेल घातलं. नळी उपसून तोंडानं फुंकली. माझ्या तोंडात कुटार आलं, ते मी तिथंच थुंकले.

"तोंड पुढं ठेवलं हे चुकलं," मी भिवाजीला म्हटलं. "वर घ्या. फौजेतल्यासारखं."

तेव्हा भिवाजी हलला. त्यानं दोराची नीट गुंडाळी केली, फौजी घालतात तशी, ट्रॅक्टरजवळ गेला आणि ती सीटवर ठेवली.

"पाटील, तुमचा दोर," तो म्हणाला. "मले गाठ येत होती. आता येत नाई."

त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो परत आला, जाळीतून नळी मागं ओढली, बोनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि समोरच्या काचेच्या चौकटीला तारेनं वरपर्यंत बांधली. बोनेट आता लागेना. ते सुतळीनं आवळलं. नळीच्या तोंडावर मी आमच्या भाकरीचं फडकं ताणून बांधलं. विरलेलं होतं, हवा जाईल आणि कुटार अडेल असं. भाकरी गोमतीबाईच्या हातात दिल्या. जीप दिसायला अशी झाली की लहान लेकरू घाबरून रडावं. गोमतीबाईनं खाली उतरून दोन्ही पायांनी चाकांपुढची तूर बाजूला सारायला सुरुवात केली. यात्रेकरू उतरले. तेही सारू लागले. मग आमच्या वस्तीतल्या, पाटलाच्या रोजानं आलेल्या बायांनी हातातली दाताळी चालवली, आणि वरपर्यंत चाकांपुरती वाट मोकळी झाली.

"माह्या तुरीले हात लावता?" पंजाबराव ओरडले.

"तुमची तूर तुमाले ठेवली, पाटील," मी म्हटलं. "रस्ता तेवढा घेतला. तो सरकारचा हाय."

भिवाजीनं स्टार्टर दाबला. एकदा घरघरली. दुसऱ्यांदा घरघरली.  तिसऱ्यांदा लागली. फडकं आत ओढलं गेलं, फुगलं नाही, फाटलं नाही. रिकामी जीप एकटी चढ चढून वर गेली आणि माणसं तिच्यामागं पायी चढली, कोणी ढकलत नव्हतं तरी हात लावून. ट्रॉली रिकामी राहिली. आधी उतरलेला म्हातारा सगळ्यात पुढं चालला होता.

मी मात्र वर गेले नाही. मी खाली पारापाशी गेले. पंजाबराव पारावर जाऊन बसले होते आणि दुसरीकडे बघत होते. मी पदराची गाठ सोडली. आमच्या सासऱ्यानं याच घराच्या खळ्यावर पाटलाच्या बापापुढं सोगा पसरला होता. मी पदर पसरला नाही. तो उपडा केला. तेलानं माखलेले तुरीचे दाणे त्यांच्यासमोर दगडावर पडले.

"तुमची तूर, पाटील," मी म्हटलं. "आमच्या गाडीत आली होती. बलुतं आमी सोडलं हाय."